कालचं पुरण

माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात अन्न फार वेळ राहायचं. घरात हे फक्त मला माहीत होतं. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारल्याशिवाय बोलायची मला सवय नव्हती.

ती जन्मली तेव्हा रडली नाही. दाईने पाठीवर थापट्या मारून मारून रडवली, पण तोवर वेळ निघून गेली असं पुढे डॉक्टर म्हणाले. तिचे पाय काठीसारखे ताठ असत. उभं धरलं की एकावर एक चढत आणि टाचा जमिनीला लागतच नसत, नुसत्या चवड्यांवर ती झुलायची. मान उशिरा धरली. शब्द दहा-बाराच होते, पण ते आम्हाला पुरायचे. हसायची मात्र फार. गल्लीतून सायकलची घंटी वाजत गेली तरी हसायची.

माय इतवारीत मिरचीच्या गोदामात देठ खुडायला जायची. दिवसभर देठ खुडून तिच्या बोटांची इतकी आग व्हायची की ताकात हात बुडवून बसायची. त्या हातांनी लेकराच्या तोंडात घास कसा घालणार? एकदा घातला, तर बहिणीचे ओठ दोन दिवस सुजले होते. तेव्हापासून तिला भरवणं माझ्याकडे आलं. मी चौथी पास झाले आणि शाळा सुटली ती त्यासाठीच. मला वाईट वाटलं असं म्हणणं खोटं होईल. वर्गात बाईंनी नाव घेतलं की मी उभी राहायची, उत्तर येत असलं तरी आवाज निघायचा नाही, आणि मग सगळ्या मुली माझ्याकडे बघत बसायच्या. घरी बहिणीपुढे माझा आवाज निघायचा.

सुरुवातीला मी तिला सगळ्यांसारखंच भरवायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. पण दुपारचं जेवण झालं की ती कधी कधी ओकायची, नाकातून भात यायचा, आणि तिला ठसका लागून चेहरा निळा पडायचा. शेजारची काकू म्हणायची, दृष्ट लागली, मीठमोहरी ओवाळ. बाबांनी बौद्ध धर्म घेतल्यापासून आमच्याकडे तसलं काही करत नसत. मग एका दुपारी मी तिला चटईवर निजवून पाय एकमेकांवर चढू नयेत म्हणून मध्ये लुगड्याचा बोळा घालत होते. कंबर धरून जरा हलवली, तर पोटातून आवाज आला. अर्धी भरलेली घागर कमरेवर घेऊन चालताना येतो ना, तसा. डुबुक, डुबुक. मी कान लावला, पुन्हा हलवली, पुन्हा तसाच आवाज. सकाळी नऊला दिलेलं दूध-भाकरी दुपारी दोनला आतच होतं.

त्या दिवशी मी जेवण उशिरा दिलं. ती ओकली नाही.

मग माझी रीतच ठरली. भरवायच्या आधी तिला उताणी निजवायची, कंबर दोन्ही हातांनी धरून हळूच हलवायची, बेंबीच्या डाव्या अंगाला कान ठेवायचा. आवाज आला तर थांबायचं. हळूहळू मला कळत गेलं. पेज लवकर उतरते. वरण-भाताला पुष्कळ वेळ लागतो. बेसनाचं काही दिलं तर दुसऱ्या जेवणाचं नाव काढायचं नाही. आणि पुरण तर आज दिलं की उद्यापर्यंत. तिला गुदगुल्या व्हायच्या, ती माझे केस ओढायची, आणि मी म्हणायची, “हलू नोको वं, मले ऐकू दे.” कधी कधी पोट रिकामं असलं तरी मी कान तसाच ठेवून पडायची. आत कुठेतरी बारीक कुरकुर चाललेली असायची. बाहेर दुपार, गल्ली सुनी, वर कौलं तापलेली. ते दिवस मला अजून फार आवडतात.

ती सात वर्षांची झाली तेव्हा बाबांनी तिला खांद्यावर घेऊन मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाबा वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामावर चौकीदार होते. तिथल्या एका ट्रकवाल्याने सांगितलं होतं की असल्या पायांचं ऑपरेशन होतं. हाडाच्या डॉक्टरसाहेबांनी तिचे पाय वाकवून पाहिले आणि म्हणाले, टाचेमागची शीर आखडली आहे, ती लांब करू. चालेल असं सांगत नाही, पण टाच टेकेल, धरून उभी राहील. बाबा घरी येऊन तेच तेच सांगत राहिले. “धरून उभी राहीन म्हनते साहेब. खिडकी धरली का बस, तिले बाहेरचं दिसन.” तोवर ती जड झाली होती. मायला उचलवत नव्हती, मला तर नाहीच. उभी राहिली नाही तर पुढे काय, हा विचार घरात सगळ्यांच्या मनात होता.

नंबर लागायला एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला. उन्हाळा तोंडावर आला तेव्हा बोलावणं आलं. बाबांनी सुट्टी काढली, मायनेही गोदामावर सांगितलं.

लहान मुलांच्या वॉर्डात उंच खिडक्या होत्या. बाहेर कडुनिंब, वर कबुतरं. पांढऱ्या रंगाचे पोपडे निघालेल्या लोखंडी खाटा, दर खाटेखाली एक मडकं आणि एक आई. आमच्या खाटेखाली मायसोबत मीही मावायची. मी चौदा वर्षांची असेन, पण अंगाने लहान होते.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी भिवापूरची मावशी आली. छोट्या गाडीने इतवारी स्टेशनवर उतरून, डोक्यावर पिशवी घेऊन पायी आली. पिशवीत पितळी डबा, डब्यात पुरण, वर तुपाचा थर. पहाटे उठून स्वतःच्या हातांनी पाट्यावर वाटलं होतं. वॉर्डाच्या सिस्टरने सगळ्या आयांना सांगून ठेवलं होतं, “रात आठ बजे के बाद कुछ नहीं. सुबह पानी का बूंद भी नहीं.”

मावशी म्हणाली, “मंग आत्ताच खाऊ घाला न पोट्टीले पोटभर. उद्या दिवसभर उपाशी राहीन बिचारी.”

हेच सगळ्या खाटांवर चाललं होतं. ज्या ज्या लेकराचं उद्या ऑपरेशन, त्याला त्याची आई कोंबून कोंबून भरवत होती. कोणी शिरा, कोणी अंडी. उपाशीपोटी एवढ्या मोठ्या गोष्टीला सामोरं पाठवायचं हे कोणाला पटत नव्हतं, म्हणून आधीच भरून ठेवायचं. कोणी नियम मोडत नव्हतं. आठाला अजून अवकाश होता.

मायने वाटी माझ्या हातात दिली. दुधात कालवलेलं पुरण. मला माहीत होतं. मी वाटी धरून बसले आणि मनात वाक्य जुळवत राहिले की पुरण नको, पेज देऊ. पण मावशी समोर बसून बघत होती, एवढ्या लांबून आलेली, पायाला धूळ. आणि बहिणीला वास आला होता. ती हात हलवत “दे, दे” करत होती. मी पहिला घास दिला. ती इतकी खूश झाली की मी दुसराही दिला. वाटी संपली. मावशीने आणखी अर्धी वाटी घातली, तीही मी भरवली.

हे मी केलं. कोणी माझा हात धरून करवलं नाही.

सकाळी सिस्टर कागद घेऊन आली. “आठ के बाद कुछ दिया?”

माय म्हणाली, “नाही जी. पान्याचा थेंब नाही.”

सिस्टरने लिहून घेतलं. तिसरा नंबर होता. बहिणीला सरकारी झगा घातला, केसांना पट्टी बांधली. माय मडकं भरायला गेली तेव्हा मी बहिणीची कंबर धरून हलवली आणि कान लावला. डुबुक. तेच, जड. पोटाचं डावं अंग तट्ट होतं. तिला जागेपणी ओकारी आली तरी ती कूस बदलू शकत नसे, मी वळवायची. ती आत भूल देऊन निजलेली असताना कोण वळवणार?

माय आली तशी मी तिला सांगितलं.

“माय, हिच्या पोटात अजून हाय.”

“काय हाय?”

“कालचं पुरण.”

मायने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज बारीक केला. “मुक्यानं बस. नंबर लागला आता. आज वापस पाठोलं तं उन्हाळा निघून जाईन, पुन्हा बापाले सुट्टी कोन देईन? एवढे दिवस तोंडातून शब्द नाही निंगला, आज काहून तोंड फुटलं वं तुले?”

मी मुक्यानं बसले. ट्रॉली आली. ट्रॉलीवाल्या मामांनी बहिणीला उचलून ठेवलं, तशी तिने माझी वेणी धरली, म्हणून मी सोबत चालत गेले. लांब व्हरांडा होता. त्याच्या शेवटी दुधी काचांचं दार. दाराशी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, हिरव्या कपड्यात, ठेंगण्या, चष्मा दोऱ्याने बांधलेला. त्यांनी कागद वाचला आणि मायला पुन्हा तेच विचारलं. माय पुन्हा तेच बोलली. त्यांनी मान हलवली. दार उघडलं.

मी ट्रॉलीचा दांडा धरून ठेवला.

“सोड वं बाई,” मामा म्हणाले. “आत जायची जागा नाही ते.”

मला सोडता येईना. बोलताही येईना. मामांनी माझी बोटं एकेक करून काढायला घेतली तेव्हा कुठे तोंडातून निघालं, आणि निघालं ते एवढं मोठ्याने की व्हरांड्यात लोक वळून पाहायला लागले.

“तिच्या पोटात पुरण हाय!”

मामा हसले. आतून दुसरं कोणी हसलं. मायने माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की आठ दिवस खूण राहिली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत.

“केव्हा दिलं?”

“काल. संध्याकाळी. आठाच्या आधी.”

“मग आता सकाळचे दहा वाजले. अजून कसं राहील?”

“राहते. हिच्या पोटात राहते.”

“तुला कसं कळलं?”

मी तिथेच ट्रॉलीवर वाकले, कंबर धरली, हलवली, कान लावला. मग बाजूला झाले. बाईंनी गळ्यातली नळी कानाला लावली, बहिणीच्या पोटावर ठेवली आणि मी हलवली तशीच दोन्ही हातांनी हलवली. ऐकत राहिल्या. पुन्हा हलवली. बहीण खिदळायला लागली, तिला वाटलं आमचा खेळ चाललाय.

त्यांनी रबराची बारीक नळी मागवली. ती नाकातून आत घालताना बहीण जी किंचाळली ते मला आठवायला नको वाटतं. मी तिचं डोकं धरलं होतं. बाईंनी मोठ्या पिचकारीने ओढलं. पिवळं, दाट, आंबलेलं पुरण आलं, त्याला अजून गुळाचा आणि जायफळाचा वास होता. एक पिचकारी, दोन, मग नळीच तुंबली.

तेवढ्यात आतून हाडाचे डॉक्टरसाहेब बाहेर आले. “काय उशीर? आठ वाजता बंद केलं होतं ना?”

“बंद केलं होतं,” बाई म्हणाल्या. “उतरलं नाही. आता हिला मी हात लावणार नाही, सर. नळीतून सगळं निघत नाही. भुलीत वर आलं आणि छातीत गेलं तर मला ते परत काढता यायचं नाही.”

साहेब मायकडे रागाने बघून आत गेले. मायने कपाळावर हात मारला.

पण बाईंनी आम्हाला घरी पाठवलं नाही. शुक्रवारी शेवटचा नंबर त्यांनी स्वतः लिहून घेतला. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “तोवर हिला काय द्यायचं ते तू सांग.” मला वाटलं थट्टा करतायत. पण त्या पेन उघडून उभ्या होत्या. मी त्यांच्या पायांकडे बघत सांगितलं. आज काही नाही, नुसतं साखरपाणी. उद्या मऊ भात सकाळी एकदाच. मग पेज, पातळ, मीठ घालून. गुरुवारी दुपारपर्यंत पेज आणि मग पुन्हा साखरपाणी, तेही झोपायच्या आधी बंद. त्यांनी सगळं लिहिलं आणि सिस्टरला दिलं. “आणि शुक्रवारी सकाळी ऐकून मला सांगायचं,” त्या म्हणाल्या. “मी विचारीन.”

ते तीन दिवस माय माझ्याशी बोलली नाही. मावशीशी मात्र मला ऐकू जाईल असं बोलायची. “आमची पोट्टी डॉक्टरीन झाली न आता. तिले इचारून खायचं, तिले इचारून निजायचं.” मावशी वेगळ्याच दुःखात होती. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, “माह्या पुरनाले काही नव्हतं झालं, बापा. ताजं होतं! सकाळी केलं अन् संध्याकाळी आनलं.” शेजारच्या खाटेवरची बाई तिला म्हणाली, “माय, तुमचं पुरन एवढं चांगलं होतं का पोट्टी सोडाले तयार नव्हती,” तेव्हा मावशी पहिल्यांदा हसली आणि मग रडली. बाबा येऊन उभ्या उभ्या सगळं ऐकून गेले. “मी वाडीले सांगून येतो, अजून दोन दिवस,” एवढंच म्हणाले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला की स्वतःची टोपी नीट करायला उचललेला हात चुकून लागला ते मला कळलं नाही.

शुक्रवार उजाडला. पहिल्या वेळी मी घाबरले होते, पण ते वेगळं होतं, तेव्हा आवाज होता. आता आवाज नव्हता, आणि नसलेल्या आवाजाचा भरवसा कसा धरायचा? मी कान लावला, काही नाही. कबुतरं घुमत होती, कुठेतरी बादली आपटत होती. मी शेजारच्या बाईला तिच्या लेकराला जरा गप्प करायला सांगितलं. माझ्या तोंडून तिच्याशी निघालेला तो पहिला शब्द. ती काही न विचारता पदर लेकराच्या तोंडात देऊन बसली. मी पुन्हा कंबर हलवली. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. पोट मऊ होतं, आत लांबवर नुसती कुरकुर. मी रिकामं म्हणाले आणि नसलं तर? माय खाटेच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली होती, पण मला माहीत होतं की ती ऐकते आहे.

डॉक्टरीणबाई या वेळी स्वतः वॉर्डात आल्या. “काय?”

“रिकामं हाय,” मी म्हणाले.

त्यांनीही ऐकलं. तरी नळी घातलीच. पिचकारीत चमचाभर निवळ पाणी आलं, थोडं पिवळसर. त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, टाकून दिलं आणि मामांना म्हणाल्या, “चला.”

ती आत असेपर्यंत माय आणि मी एकाच बाकावर बसलो, दोन टोकांना. मध्ये बहिणीचे कपडे होते. व्हरांड्यातलं ऊन सरकत सरकत बाकापर्यंत आलं. कोणी चहा आणला तो तसाच गार झाला.

मग ते दार उघडलं आणि ती बाहेर आली. दोन्ही पायांना गुडघ्याच्या वरपर्यंत ओलं प्लास्टर, ओठ सुकलेले, पण श्वास चालला होता, एकसारखा, स्वच्छ. बाईंनी तोंडावरचा कपडा खाली केला. त्या थकल्या होत्या. मायच्या खांद्याला हात लावून निघून गेल्या.

पुढे प्लास्टर निघालं, टाचा टेकल्या. ती पुष्कळ वर्षं राहिली आमच्यात. खिडकीचे गज धरून उभी असायची आणि गल्लीतल्या सगळ्यांना हाका मारायची. त्या दहा-बारा शब्दांतच. मी लग्न करून गेले तरी माझं सासर दोन गल्ल्या पलीकडेच पाहिलं होतं बाबांनी, ते का, हे मला न सांगता कळलं होतं. आता माय नाही, बाबा नाहीत, ती नाही. तो जुना वॉर्डही म्हणे पाडला. दुपारी घरात कोणी नसलं की मला ते सगळं आठवतं, आणि सगळ्यांत जास्त त्याच शुक्रवारची संध्याकाळ.

बहिणीला जाग आली होती. आधी कण्हत होती, मग जीभ फिरवायला लागली, मग तिचं सुरू झालं, “दे, दे.” सिस्टर सांगून गेली की आता थोडं थोडं पाणी, मग पेज चालेल. मायने गडबडीने पेजेची वाटी उचलली, चमचा भरला, वाकली. आणि तशीच थांबली. चमचा हवेत, पेज काठावरून गळतेय. मग तीन दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे वळून पाहिलं.

“आता देऊ का वं हिले?”

मी म्हणाले, “थोडं थांब.”

माय थांबली.